रविवारी दीड तास, रोज पाच मिनिटे: नोकरी सांभाळून कुत्र्याला घरचे अन्न कसे द्यावे

आमचा तांबू हा १८ किलो वजनाचा गावठी कुत्रा आहे. अडीच महिन्यांचा असताना तो सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या वाहनतळावर, एका स्कूटरच्या आडोशाला सापडला. आज तो सहा वर्षांचा आहे. मी आणि माझी पत्नी दोघेही हिंजवडीला नोकरीला असतो. सकाळी पावणेआठला घर सोडतो आणि परत यायला रात्रीचे आठ वाजतात. तरीही गेली चार वर्षे तांबू घरी शिजवलेलेच अन्न खातो. त्यासाठी रविवारी दीड तास आणि रोज सकाळी पाच मिनिटे लागतात.

सुरुवातीचे सात महिने मात्र मी हे काम चुकीचे केले. रोज उकडलेले चिकन, भात आणि थोडे गाजर, एवढेच त्याच्या वाडग्यात पडत असे. तो आवडीने खात होता, वाडगा चाटून पुसून ठेवत होता, त्यामुळे सगळे ठीक आहे असे मी धरून चाललो. पुढे पाठीवरचे केस रखरखीत झाले, कोंडा दिसू लागला आणि वजन दोन किलोंनी वाढले. लसीकरणासाठी गेलो असता डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "यात कॅल्शियम कुठून येते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घरचे अन्न देऊ इच्छिणारे बहुतेक लोक वेळ कसा काढावा हे विचारतात. माझ्या अनुभवाने वेळेचा प्रश्न सोपा आहे. भांड्यात काय पडत नाही, याचा शोध घेणे अवघड आहे. म्हणून या लेखात त्यालाच अधिक जागा दिली आहे.

शिजवायला घेण्यापूर्वी

पुढील पद्धत एक वर्षावरील, निरोगी, प्रौढ कुत्र्यासाठी आहे. पिल्लांना घरच्या अंदाजाने केलेल्या अन्नावर वाढवू नये. पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम कमी पडले तर ती वाकतात व मोडतात आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींत कॅल्शियम जास्त झाले तरी हाडांची वाढ बिघडते. मूत्रपिंडाचा आजार असलेला, पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेला कुत्रा किंवा गाभण कुत्री यांचा आहार वेगळा असतो. डाल्मेशियन जातीत युरेटचे, म्हणजे यूरिक आम्लाच्या क्षारांचे, मूत्रखडे होण्याची प्रवृत्ती असल्यामुळे कलेजी घातलेले हे अन्न त्यांना देऊ नये. तुमचा कुत्रा यांपैकी असेल तर येथील प्रमाणे न वापरता स्वतंत्र आहार आखून घ्यावा.

१. पशुवैद्याकडे जा आणि हे बरोबर न्या

पहिली भेट शिजवायला सुरुवात करण्याआधी घ्यावी. बरोबर पुढील गोष्टी असाव्यात:

- लसीकरणाचे व जंतनाशकाचे पुस्तक
- मागील वर्षभरातील वजनाच्या नोंदी, असतील तेवढ्या
- रक्ततपासणीचे अहवाल: रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्या
- सात दिवसांची आहारनोंद, ज्यात पोळीचा तुकडा आणि बिस्किटेसुद्धा लिहिलेली असतील
- तुम्ही देऊ इच्छिता त्या अन्नाची यादी, ग्रॅममध्ये

शेवटच्या कागदाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. "चिकन-भात देतो" असे सांगितल्यावर डॉक्टर मान हलवतात, कारण त्यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही. "३५० ग्रॅम बिनहाडाचे चिकन, ७० ग्रॅम तांदूळ" असे लिहून नेले की संभाषण पुढे सरकते. जवळच्या दवाखान्यात आहाराविषयी तपशिलात बोलणारे कोणी नसेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. मुंबईत परळ येथे, सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे आणि नागपूर येथे अशी महाविद्यालये आहेत आणि पशुपोषण हा तेथे शिकवला जाणारा स्वतंत्र विषय आहे.

एक सावधगिरीची सूचना. घरच्या अन्नावरील कुत्र्याच्या रक्तातील कॅल्शियम नेहमीच्या मर्यादेत आले म्हणून निर्धास्त होऊ नये. आहारातून कॅल्शियम मिळाले नाही तर शरीर ते हाडांमधून काढून घेते आणि रक्तातील पातळी टिकवून धरते. तांबूचा अहवालही असाच निर्दोष आला होता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि माझी आहारनोंद वाचायला घेतली.

२. कुत्र्याची रोजची गरज काढा

डोळ्यांनी अंदाज बांधून अन्न वाढणे ही वजन वाढवण्याची हमखास रीत आहे. गरज काढण्याचे सूत्र पशुवैद्य वापरतात तेच आहे आणि ते मोबाइलवरील गणकयंत्रावर करता येते. कुत्र्याच्या वजनाचा किलोमधील आकडा तीन वेळा घेऊन एकमेकांशी गुणा, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढा, त्या वर्गमूळाचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि त्याला ७० ने गुणा. तांबूसाठी १८ × १८ × १८ म्हणजे ५८३२. त्याचे वर्गमूळ सुमारे ७६.४, पुन्हा वर्गमूळ ८.७४, गुणिले ७० केले की सुमारे ६१२ कॅलरी. ही पूर्ण विश्रांतीतील गरज झाली. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याला १.४ ते १.६ ने गुणतात. म्हणजे ८५७ ते ९७९ कॅलरी. तांबू सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर फिरतो आणि उरलेला दिवस दारापाशी झोपून काढतो, म्हणून आम्ही ९०० कॅलरी धरतो.

वजन करण्यासाठी दवाखान्यातच जावे लागते असे नाही. कुत्र्याला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. वजन सध्याचे न घेता, असायला हवे ते घ्यावे. बरगड्यांवरून तळहात सपाट फिरवल्यावर त्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. तसे नसेल तर कुत्रा जाड आहे, मग शेजारी कितीही "गुबगुबीत" म्हणोत.

३. भांडी व साधने

- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा. हा नसेल तर सुरुवात करू नका.
- आठ लिटरचे पातेले आणि पाच लिटरचा कुकर
- मोठी परात
- मिक्सरचे लहान भांडे आणि मैद्याची चाळणी
- चौदा डबे किंवा फ्रीजरमध्ये चालणाऱ्या बंद होणाऱ्या पिशव्या
- कागदी पट्टी व पेन, डब्यांवर तारीख घालण्यासाठी

घरात देवाधर्माचे काटेकोर पाळले जात असेल तर ही भांडी वेगळी ठेवावीत, वाद आपोआप मिटतो. आमच्या आईने दोन अटी घातल्या: तांबूचा कुकर ओट्यावर यायचा नाही, आणि श्रावणात मांस स्वयंपाकघरात शिजायचे नाही. म्हणून मागच्या गॅलरीत इंडक्शनची शेगडी ठेवली. आता बाराही महिने त्याचा स्वयंपाक तेथेच होतो.

४. आठवड्याचे प्रमाण

रोज सुमारे ९०० कॅलरी लागणाऱ्या कुत्र्यासाठी सात दिवसांचे साहित्य असे आहे. वजने कच्च्या पदार्थाची आहेत.

- बिनहाडाचे, बिनकातडीचे चिकन, छाती व मांडी मिळून: २ किलो ४५० ग्रॅम
- कोंबडीची कलेजी: १४० ग्रॅम
- तारली, डोके व आतडी काढून: ३५० ग्रॅम
- अंडी: ४
- तांदूळ: ५०० ग्रॅम
- लाल भोपळा, गाजर, फरसबी, दुधी यांपैकी दोन-तीन मिळून: ८५० ग्रॅम
- करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल: ७ चहाचे चमचे
- अंड्याच्या कवचाची पूड: २१ ग्रॅम
- पशुवैद्याने सांगितलेले जीवनसत्त्व-खनिज मिश्रण: त्यांनी दिलेल्या प्रमाणात

तुमच्या कुत्र्याची गरज ४५० कॅलरी असेल तर सगळे निम्मे करावे. निम्मे करताना कवचाची पूड आणि मिश्रणही निम्मे करायचे, हे विसरू नये.

आता प्रत्येक वस्तू का, ते थोडक्यात. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मानकांनुसार प्रौढ कुत्र्याला दर १००० कॅलरींमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिने, १३.८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि १.२५ ग्रॅम कॅल्शियम मिळाले पाहिजे. वरील प्रमाणात प्रथिने किमान गरजेच्या दुपटीपर्यंत जातात, त्यामुळे त्यांची चिंता नाही. कलेजीतून अ जीवनसत्त्व, तांबे आणि लोह मिळते, पण ती औषधासारखी मोजून घालावी. दुकानदार चिकनबरोबर कलेजी-पेठा स्वस्तात देतो म्हणून रोज वाटीभर कलेजी घातली तर अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि त्याचा अपाय होतो. तारलीत कातडीला व सांध्यांना उपयोगी पडणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात. ती मिळाली नाही तर बांगडा घ्यावा, मात्र बांगड्याचे काटे सगळे काढावे लागतात. तेलाची गरज अनेकांना पटत नाही. बिनकातडीच्या चिकनमध्ये लिनोलेइक आम्ल हे आवश्यक स्निग्धाम्ल पुरेसे नसते आणि ते कमी पडले की केस रखरखीत होतात. तांबूच्या पाठीचे बहुधा तेच झाले होते.

मिश्रणाबद्दल कुरकुर करणारे मला भेटतात. "नैसर्गिक अन्न द्यायचे म्हणता आणि वर पावडर घालता?" असा त्यांचा प्रश्न असतो. वरील सर्व साहित्य घालूनसुद्धा जस्त, आयोडीन, मँगनीज, ड आणि ई जीवनसत्त्व हे घटक कमीच पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांपैकी १९० पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा होता; आणि त्या पाककृती पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून घेतलेल्या होत्या. भाज्या बदलत राहिल्या की आपोआप सगळे मिळते, या समजुतीला आधार नाही, कारण सगळ्या भाज्यांत मिळूनही जस्त फारसे नसते.

शाकाहारी घरांसाठी एक परिच्छेद. आपल्याकडे दूध-पोळी किंवा दहीभात खाऊन वाढलेले कुत्रे घरोघरी दिसतात, परंतु त्यांपैकी बरेचसे बाहेर जाऊन काय काय खातात हे मालकाला ठाऊक नसते. फ्लॅटमध्ये बंद राहणाऱ्या कुत्र्याला ती सोय नाही. प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर अनेकदा पचत नाही आणि पोट बिघडते. अंडी चालत असतील तर अंडी, पनीर, मूगडाळ व सोयाबीन यांवर कुत्र्याचा आहार आखता येतो, मात्र तो स्वतःच्या मनाने आखू नये.

५. कवचाची पूड आधी करून ठेवा

बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस हा कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो. आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने आणि फार तर दुप्पट असावे लागते. ही तूट भाताने किंवा भाजीने भरत नाही. अंड्याचे कवच हे जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेट असते. त्याच्या पाच-सहा ग्रॅम पुडीत सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. तांबूला रोज तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा पूड लागते. आठवड्याला चार अंड्यांची कवचे पुरतात आणि घरात तेवढी सहज निघतात.

कवचे धुऊन घ्यावीत, आतील पातळ पापुद्रा राहिला तरी हरकत नाही. ती दहा मिनिटे उकळावीत, उन्हात खडखडीत वाळवावीत आणि मिक्सरमध्ये दळून चाळावीत. पूड पिठीसाखरेसारखी मऊ झाली पाहिजे. दोन बोटांत चोळल्यावर खर लागली तर पुन्हा फिरवावी. जाडसर कण पोटातून तसेच बाहेर पडतात. कोरड्या बरणीत ही पूड महिनाभर टिकते. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा मी कवचे कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून घेतो.

"एक चमचा जास्त घातला तर बरेच" असे येथे चालत नाही. जादा कॅल्शियममुळे जस्त शोषले जात नाही आणि मलावरोधही होतो. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरसचा हिशेब वेगळा असतो, म्हणूनच पहिल्या पायरीवर अहवाल मागितले आहेत.

६. रविवारचा दीड तास

शनिवारी रात्री दुकानदाराला निरोप द्यावा: बिनहाडाचा, बिनकातडीचा चिकन खिमा, अडीच किलो. "बिनहाडाचा" हा शब्द दोनदा उच्चारावा. एकदा मी नुसता खिमा मागितला आणि दुकानातल्या मुलाने पाठीचे तुकडे यंत्रात घालून दिले. शिजल्यावर हाडांचे टोकदार कपचे चमच्याला लागले आणि अडीच किलोचे सगळे पातेले टाकून द्यावे लागले. शिजलेले हाड ठिसूळ होऊन टोकदार चिरफळते आणि घशात किंवा आतड्यात रुतू शकते. तेव्हापासून खिमा पातेल्यात टाकण्याआधी मी तो परातीत पसरून हाताने चाचपतो. या चाचपण्याला पाच मिनिटे लागतात आणि ती वाचवू नयेत.

सकाळी चहा टाकण्याआधी कुकर लावावा. खाली तांदूळ, वर भाज्यांचे तुकडे, पाणी नेहमीच्या दुप्पट, आणि शिट्टीनंतर मंद आचेवर दहा मिनिटे. आपण भात मोकळा करतो, कुत्र्यासाठी तो गुरगुट्या असावा. पचायला सोपा जातो आणि खिम्यात नीट मिसळतो. मीठ, फोडणी, आले, लसूण काही नाही. हळद घातली तर चालते, न घातली तरी चालते. डब्यांना पिवळे डाग पडतात एवढेच.

कुकर होईपर्यंत पातेल्यात अर्धा लिटर पाणी उकळून खिमा व बारीक चिरलेली कलेजी घालावी. ढवळत राहिले तर वीस मिनिटांत खिम्याचा गुलाबी रंग पूर्ण जातो. मांसाचे तापमान मध्यभागी ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे. सुटलेले पाणी ओतून देऊ नये, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्यातच असतात. शेवटी चारही अंडी फोडून त्यात ढवळावीत आणि त्यांची कवचे धुऊन पुढच्या आठवड्यासाठी बाजूला ठेवावीत.

भात निघाला की त्याच कुकरमध्ये तारली थोड्या पाण्यात घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवावीत. त्यांचे बारीक काटे इतके मऊ होतात की बोटांत चुरडले जातात. प्रत्येक खेपेला चुरडून पाहावे. एकही काटा बोटाला टोचला तर आणखी दहा मिनिटे कुकर लावावा. या अर्ध्या तासात मला उभे राहावे लागत नाही. गॅलरीत वास मात्र चांगलाच सुटतो आणि तांबू दाराला नाक लावून बसलेला असतो.

सगळे पातेल्यात एकत्र करून घोटावे. मग माझी सर्वांत उपयोगी युक्ती: रिकाम्या पातेल्याचे वजन आधीच मागच्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा. भरलेल्या पातेल्याच्या वजनातून ते वजा करा आणि उरलेल्याला १४ ने भागा. कुठल्या आठवड्यात पाणी जास्त पडते, कुठल्या आठवड्यात आटते. पण एका वेळेच्या डब्यात नेमका चौदावा भाग जातो आणि कॅलरींचा हिशेब बिघडत नाही. आमच्याकडे हा भाग साधारण ३६० ते ४०० ग्रॅमचा येतो. पातेल्यासह वजन काट्याच्या मर्यादेबाहेर जात असेल तर दोन भांड्यांत करून मोजावे.

तेल, कवचाची पूड आणि जीवनसत्त्वांचे मिश्रण शिजवताना घालू नये. ते रोज वाढताना मिसळावे, म्हणजे उष्णतेने जीवनसत्त्वे नष्ट होत नाहीत. रोजच्या पाच मिनिटांतील तीन मिनिटे या कामाची.

७. थंड करणे आणि साठवणे

घट्ट शिजवलेले पाच-साडेपाच किलो अन्न पातेल्यात आपोआप थंड व्हायला दुपार उलटते. एप्रिल-मे महिन्यांत तर ते मधोमध संध्याकाळपर्यंत कोमट राहते आणि जिवाणूंना हेच तापमान मानवते. अन्न परातीत दोन बोटे जाडीचे पसरावे, पंख्याखाली ठेवावे आणि दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रीजमध्ये जावे. कोमट पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलण्याची चूक मी केली आहे; तिसऱ्या दिवशी मधल्या थरातून आंबूस वास आला आणि शेजारचे दहीही फुकट गेले.

तीन दिवसांचे सहा डबे फ्रीजमध्ये खाली, उरलेले आठ फ्रीजरमध्ये. एकाच दाराच्या फ्रीजला फ्रीजर लहान असतो, तेथे आठ डबे मावत नाहीत. पिशव्यांत भरून हाताने सपाट केलेले अन्न पुस्तकांसारखे रचले की मावते, आणि पातळ असल्यामुळे लवकर सुटते. बुधवारी आणि पुढे रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या दोन पिशव्या फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. ओट्यावर ठेवून बर्फ सुटू देऊ नये. वाढताना थोडे गरम पाणी घालून कोमट करावे. कुत्र्याने वाडग्यात सोडलेले अन्न अर्ध्या तासाने उचलून टाकावे; आपण कामावर गेल्यावर दिवसभर ते पडून राहता कामा नये.

वीज गेली तर दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. खालच्या कप्प्यातले अन्न मात्र चार तासांहून अधिक वीज नसेल तर टाकून द्यावे.

कच्चे मांस देण्याविषयी हल्ली बरेच बोलले जाते. मी ते देत नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, गोठवल्याने तो मरत नाही, आणि कुत्र्याला काही झाले नाही तरी ज्या हातांनी वाडगा धुवायचा आणि ज्या लादीवर घरातली मुले रांगतात त्यांचा विचार करावा लागतो.

८. जुन्या अन्नावरून नव्यावर

दहा दिवस घ्यावेत. पहिले तीन दिवस चतुर्थांश नवे, पुढचे तीन दिवस निम्मे, मग तीन दिवस पाऊण, आणि दहाव्या दिवशी पूर्ण. शी पातळ झाली तर आदल्या टप्प्यावर दोन दिवस थांबावे. घरच्या अन्नात पाण्याचे प्रमाण पुष्कळ असते, त्यामुळे कोरड्या दाण्यांवर असलेला कुत्रा नव्या अन्नावर पाणी कमी पितो. यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन दिवसांहून अधिक जुलाब, उलट्या किंवा शीमध्ये रक्त दिसले तर मात्र पुढे न रेटता दवाखाना गाठावा.

ज्यांना रविवारसुद्धा मोकळा मिळत नाही त्यांनी निम्मे घरचे आणि निम्मे "संपूर्ण आहार" असे लिहिलेले तयार खाद्य द्यावे. यात कमीपणा काही नाही. अट एवढीच की घरच्या निम्म्यातही कवचाची पूड व मिश्रण त्या मानाने असले पाहिजे. तयार खाद्याचे एक लहान पाकीट घरात कायम ठेवावे आणि आठवड्यातून एकदा मूठभर द्यावे, म्हणजे गावी जाताना किंवा कुत्र्याला कोणाकडे ठेवताना त्याचे पोट अचानक बिघडत नाही.

९. आपल्याच स्वयंपाकघरातले सापळे

कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजलेले असोत की पूड असो, कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. हे बहुतेकांना ठाऊक असते. फसगत होते ती पदार्थांच्या नावांनी. कोल्हापूरकडच्या आमच्या एका पाहुण्यांनी तांबूला कौतुकाने वाटीभर अळणी पाजली. अळणी म्हणजे मटणाचा बिनतिखट रस्सा, पण बहुतेक घरांत तिच्यात कांदा आणि आले-लसणाचे वाटण असतेच. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा बेदाण्यांसह येतो आणि लहान मुले तो हातावर धरून कुत्र्यापुढे करतात. पुरणात जायफळ असते, तेही नको. चॉकलेट आणि बिनसाखरेच्या गोळ्यांतील झायलिटॉल हे तर सरळ विषच आहे. यांपैकी काही पोटात गेले असेल तर लक्षणांची वाट न पाहता, पदार्थ आणि अंदाजे प्रमाण सांगून लगेच डॉक्टरांना फोन करावा.

तुपाची आणि मटणाच्या चरबीची गोष्ट वेगळी आहे. ते विष नाहीत, परंतु एकाच वेळी भरपूर चरबी पोटात गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. दसरा-दिवाळीनंतर दवाखान्यांत असे कुत्रे येतात.

१०. दर महिन्याला वजन

महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन करून फ्रीजच्या दारावरील कागदावर लिहावे. सूत्राने आलेला आकडा हा आरंभबिंदू असतो. दोन कुत्र्यांची गरज समान वजनालाही वेगळी निघते. वजन वाढत असेल तर सगळ्या डब्यांतून दहा टक्के कमी करावे, घटत असेल तर वाढवावे, आणि चार आठवडे थांबून पुन्हा पाहावे. अन्न फारच कमी करावे लागले तर मिश्रणाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे, ते अन्नाबरोबर घटवू नये. सहा महिन्यांनी एकदा रक्ततपासणी आणि आहाराच्या कागदाची उजळणी करून घ्यावी.

जेवणाशिवायचा वरचा खाऊ हा रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. तांबूच्या बाबतीत ही मर्यादा ९० कॅलरींची आहे आणि आमच्या घरची एक पोळी शंभराच्या पुढे जाते. त्याचे दोन किलो कुठून आले, हे शोधायला मला सात महिने लागले: आई दुपारी जेवताना त्याला रोज दोन पोळ्या देत असे, त्याही तूप लावून. तिला आकडे दाखवले तेव्हा ती काही बोलली नाही. आता ती कोरडे चतकोर देते, आणि ते पंचवीस-तीस कॅलरींचे चतकोर मी संध्याकाळच्या डब्यातून वजा करतो.